सहीवाचून अडलेली सत्ता

साशंक : निराशा म्हणजे मनाचा दुबळेपणा असे तुम्ही मंडळी गृहीत धरता आणि मग तिच्यावर उतारे सुचवू लागता. माझी निराशा हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. गडचिरोलीपुरतेच बोलू. मार्च 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्टा येथे आसपासच्या सत्तरेक गावांतले लोक खाणी आणि खाणींसाठीचे रस्ते यांच्या विरोधात ठाण मांडून बसले. आठ महिने बसले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी झोपड्या मोडल्या, काही जणांना अटक झाली आणि ठिय्या संपला. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून चाललेला प्रा. जी. एन. साईबाबांचा खटला घ्या. मे 2014 मध्ये अटक, मार्च 2017 मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात जन्मठेप, ऑक्टोबर 2022 मध्ये नागपूर खंडपीठाकडून सुटका, दुसऱ्याच दिवशी तिला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, मार्च 2024 मध्ये पुन्हा निर्दोष आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यू. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेला एक आदिवासी तरुण तर सुटकेआधीच तुरुंगात वारला. निकाल अखेर आरोपींच्या बाजूने लागला, पण तोवर शिक्षा भोगून झाली होती. जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, तरी झाले. रस्त्यावर बसून होत नाही, न्यायालयात वेळेवर होत नाही, विधिमंडळात लिहून होत नाही. मग 'कृती करा' म्हणजे नेमके काय करा?

आग्रही : तुमच्या पुराव्यातला एकही मुद्दा मी नाकारत नाही. निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पलीकडे गेला आहे. 'आपण जिंकू याची खात्री नाही' हे एक विधान झाले आणि 'करण्यासारखे काही उरले नाही' हे दुसरे. पहिल्याला तुमचा पुरावा पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. शिवाय तुमच्या पुराव्यातून दिसणारी हुकूमशाही ही अलीकडे कोणत्या तरी निवडणुकीनंतर आलेली वस्तू आहे, असे शहरात बसून वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तिचे वय फार मोठे आहे. 1927 च्या आणि त्याआधीच्या वन कायद्यांनी जंगल सरकारचे झाले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारा माणूस आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. सरपण, बांबू, मोहफूल, प्रत्येक गोष्टीला वनरक्षकाची मर्जी लागू लागली. तिथल्या माणसाने लोकशाही हरवताना पाहिली नाही, कारण जंगलापुरती ती त्याला कधी मिळालीच नव्हती. म्हणून त्याच्या लढ्याची सुरुवात शोकाने होत नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव घ्या. 1980 च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम व इचमपल्ली धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले, त्या चळवळीतून गावाची विचार करण्याची सवय घडली. ती धरणे झाली नाहीत. पुढे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली आणि 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे म्हटले. तेव्हा वनहक्क कायदा नव्हता, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही नव्हता. कायदे मागून आले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत मेंढा आणि जिल्ह्यातलेच मर्दा ही आहेत.

साशंक : मेंढ्याचे नाव येणार हे मला ठाऊक होते. गेली पंधरा-वीस वर्षे या विषयावरच्या प्रत्येक भाषणात ते येते. एका गावाचे नाव इतक्या वेळा घ्यावे लागते, हीच खरी अडचण आहे. आणि तिथेही काय झाले? हक्काचा कागद 2009 मध्ये मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. बांबू गौण वनोपज आहे, असे केंद्राच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले असताना जुन्या वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येवर बोट ठेवून गावाला अडवून धरले. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. संसदेने दिलेला हक्क बजावण्यासाठी केंद्रीय मंत्र्याने जंगलातल्या गावी यावे लागते, याला विजय म्हणायचे की मेहेरबानी? शिवाय तो बांबूचा प्रश्न होता. त्यावर पाणी सोडणे राज्याला परवडते. लोहखनिजाच्या डोंगरावर ते पाणी सोडत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. 2021 पासून तिथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन सुरू झाले आणि लगेच वार्षिक 30 लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत विस्ताराची तयारी झाली. त्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती डोंगराखालच्या गावांत नाही, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते, त्याबद्दल बोलायला तिथल्या माणसांनी इतके अंतर तोडायचे. जिथे देण्याने काही बिघडत नाही तिथे स्वराज्य आणि जिथे बिघडते तिथे बंदोबस्त, असा हा सरळ हिशेब आहे.

आग्रही : हिशेब बरोबर मांडलात, फक्त त्यातली एक ओळ वाचायची राहिली. ती सुनावणी घेतलीच का? खाण चालवायचीच ठरली होती, पोलीस ठाणी होती, रस्ते होते, तर दूर का होईना, सुनावणीचा खटाटोप कशासाठी? कारण ही सत्ता नुसत्या बंदुकीवर चालत नाही. तिला इतिवृत्त लागते, ठराव लागतो, अंगठा लागतो, 'स्थानिकांशी विचारविनिमय झाला' असे एक वाक्य फाइलीत लागते. ते वाक्य नसेल तर न्यायालयात प्रश्न निघतो, गुंतवणूकदार बिचकतो, पुढचा अधिकारी सही करायला कचरतो. माझा सगळा युक्तिवाद या एका जागेवर उभा आहे. जिथे जिथे सत्तेला लोकांच्या हाताची गरज पडते, तिथे तिथे तो हात न देणे ही कृती आहे आणि तिच्यासाठी आशावादी असण्याची अट नाही. ओडिशातल्या नियमगिरीत हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. प्रशासनाने बारा ग्रामसभा निवडल्या, बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. तोही डोंगर खनिजाचाच होता आणि समोर बडी कंपनीच होती. मेंढ्याचे नाव एकटेच घ्यावे लागते, असे तुम्ही म्हणालात. गडचिरोलीत आज तेराशेहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. कोरची तालुक्यात सुमारे 90 ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला 2012 मध्ये हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला. त्या गावाने बांबूचा व्यवहार आपल्या हाती घेतला आणि हमखास पैसा देणारा तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लागतात. स्वतःच्या मिळकतीवर स्वतः मर्यादा घालणारी ही माणसे कोणाच्या मेहेरबानीवर जगत आहेत, असे मला तरी दिसत नाही.

साशंक : तुम्ही सत्तेचा नाजूक सांधा दाखवलात, पण तो तुम्हाला दिसतो तसा तिलाही दिसतो. केंद्राच्या ऑगस्ट 2009 च्या परिपत्रकाने वनजमीन खाणीला देण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली होती. नियमगिरीचा धडा घेऊन कोणी गप्प बसले नाही. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी क्रम फिरवला. आधी केंद्राने मंजुरी द्यायची, वनहक्कांचे काय झाले ते राज्याने नंतर पाहायचे. म्हणजे ग्रामसभेकडे कागद येईल तेव्हा निम्मी गाडी पुढे गेलेली असेल. पेसा कायद्याने ग्रामसभेची शिफारस बंधनकारक केली ती गौण खनिजांसाठी. मुरूम आणि वाळूवर गावाचा शब्द चालतो, लोखंडावर चालत नाही. तुम्ही सही नाकारायला शिकाल तोवर ते सहीचा रकानाच फॉर्ममधून काढून टाकतील. आणि मिळालेले टिकते तरी कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने बायकांनी वर्षानुवर्षे दारूबंदीचे आंदोलन केले, चिमूरपासून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी आली. मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. हजारो बायकांचे चालणे एका दुपारी पुसले गेले. यानंतर त्या बायकांना पुन्हा चला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आग्रही : दारूबंदी चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे, तो बाजूला ठेवू. कृतीच्या दृष्टीने तुमचे उदाहरण फार उपयोगाचे आहे, फक्त ते तुमच्याच विरुद्ध जाते. ती बंदी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली, म्हणून मंत्रिमंडळाच्या निर्णयाने गेली. लोकांची ताकद वर मागणी करण्यात खर्च झाली आणि देण्याचा अधिकार वरच राहिला. मेंढ्यातही दारूचा प्रश्न होता, तो गावाने बसून, वाद घालून सोडवला. तो निर्णय बदलायचा असेल तर गावालाच पुन्हा बसावे लागेल, मुंबईतल्या कोणत्याही बैठकीला तो बदलता येणार नाही. निराश झालेल्या माणसाने हा फरक नीट पाहावा, असे माझे म्हणणे आहे. आपण ज्याला राजकीय कृती म्हणतो तिचा मोठा भाग वरच्याला काहीतरी करायला लावण्याचा असतो. निवेदन, मोर्चा, उपोषण, निवडणूक. हे सगळे आवश्यक आहे, पण वरचा बदलला की त्याचे फळ जाते आणि आपण म्हणतो की काही उपयोग नाही. दुसरी कृती निर्णयाची जागाच हलवते. ती संथ असते, तिची बातमी होत नाही, पण ती पुसायला एक दुपार पुरत नाही. 2022 च्या नियमांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. मात्र त्यांनी वनहक्क कायदा रद्द केलेला नाही, करता आलेला नाही. रकाना काढून टाकावा लागला यातूनच कळते की त्या रकान्याने कुणाचे तरी खरोखर अडत होते.

साशंक : आता मी माझा सर्वांत जड आक्षेप मांडतो, कारण तो डावपेचांबद्दल नाही, नीतीबद्दल आहे. 'हात देऊ नका' हे सांगणे सोपे आहे. नकाराची किंमत कोण मोजतो? पुण्या-नागपुरात लेख लिहिणारा मोजत नाही. भामरागड-एटापल्लीतल्या तरुणाला चाळीस वर्षे दोन बंदुकांच्या मधोमध जगावे लागले. माओवाद्यांच्या दलमला, म्हणजे सशस्त्र तुकडीला, जेवण दिले तर पोलिसांचा संशय, पोलिसांशी बोलला तर खबऱ्या म्हणून माओवाद्यांकडून मृत्यू. महेश राऊत पंतप्रधान ग्रामविकास फेलो म्हणून गडचिरोलीत आले, ग्रामसभांबरोबर वनहक्काचे काम करत राहिले आणि जून 2018 मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये जामीन दिला, त्यालाही स्थगिती मिळाली. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. पण ग्रामसभेत बसणारा माणूस यातून काय शिकला? कायद्याचे पुस्तक हातात धरणेही धोक्याचे असू शकते, एवढेच. ज्याला किंमत मोजावी लागणार नाही, त्याने ती मोजणाऱ्याला धीर द्यायचा, यात मला क्रौर्य दिसते. तुमच्या उत्साहापेक्षा माझी निराशा निदान प्रामाणिक आहे. ती दुसऱ्याच्या जिवावर बोलत नाही.

आग्रही : या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. अर्धे आहे. पहिली गोष्ट, या माणसांना धीर आपण दिलेला नाही. माओवाद्यांचा बहिष्काराचा हुकूम असताना, बहुतांश भागात दुपारी तीनलाच मतदान बंद होत असताना, 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे 72 टक्के मतदान झाले, महाराष्ट्रात सर्वाधिक. 2017 मध्ये ग्रामसभांनी आपले उमेदवार उभे केले आणि लालसू नोगोटी, सैनू गोटा यांना जिल्हा परिषदेत निवडून पाठवले. बंदूकवाल्या दोन्ही बाजूंना नाकारून ही माणसे तिसऱ्या जागी उभी राहिली, तेव्हा शहरातल्या कोणाच्या लेखाची त्यांनी वाट पाहिली नव्हती. आपण निराश झालो म्हणून त्यांचा धोका कमी होत नाही. उलट, बघणारे कमी झाले की धोका वाढतो. याच मुलखात 1942 साली चिमूरला काय झाले ते आठवा. 16 ऑगस्टला लोक उठले, जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले, मग सैन्य आणि पोलीस आले आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाले. चौकशी नाकारली गेली, बातम्या दडपल्या गेल्या. तेव्हा प्रा. भन्साळींनी 63 दिवसांचे उपोषण केले. त्यांचे मागणे होते चौकशीचे. चौकशी हवी तशी झाली नाही, पण चिमूरचे नाव झाकता आले नाही. जोखमीत वाटा उचलणे म्हणतात ते हे. आज त्याचे स्वरूप वकिली आहे, माहितीच्या अधिकारातले अर्ज आहेत, सुनावणीच्या इतिवृत्ताची छाननी आहे, खटल्याच्या प्रत्येक तारखेला हजर राहणे आहे. मेंढ्याची सर्वसहमतीची रीतही याच दृष्टीने पाहा. निर्णय सगळ्या गावाचा असेल तर उचलून नेण्याजोगा एकटा म्होरक्या सापडत नाही. तुम्ही जनसुरक्षा विधेयकावरच्या बारा हजार हरकती वाया गेल्या म्हणालात. विधिमंडळाच्या संयुक्त चिकित्सा समितीने मूळ मसुद्यातली सैल भाषा आवळली, 'व्यक्ती आणि संघटना' या मोघम रोखाऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना असा उल्लेख आला. हे पुरेसे नाही, धोका टळलेला नाही. पण उद्या एखाद्या कार्यकर्त्याचा वकील न्यायालयात नेमका त्या बदललेल्या शब्दावर उभा राहील.

साशंक : अर्धे उत्तर अर्धे म्हणून दिलेत, हे बरे केलेत. तरी तुमच्या चित्रात दोन फटी दिसतात. एक, सर्वसहमतीची तुम्ही फार स्तुती करता. सगळ्यांचा होकार लागतो तिथे दबक्या आवाजाचा माणूस होकार देऊन मोकळा होतो. बायका, भूमिहीन, गावातली दुसऱ्या जमातीची चार घरे यांची गप्प बसण्याची सवय सहमती म्हणून मोजली जाऊ शकते. तेंदूपत्त्याचे लाखो रुपये हाती आले की ग्रामसभेतही ठेकेदाराचा माणूस तयार होतो. गावातली दंडेली दिल्लीतल्या दंडेलीपेक्षा गोड नसते. दुसरी फट मोठी आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांचा अभ्यास तुमच्यासारखे लोक नेहमी सांगतात. 1900 ते 2006 या काळातल्या अहिंसक चळवळी सशस्त्र चळवळींच्या जवळपास दुप्पट प्रमाणात यशस्वी झाल्या, हे खरे. पण 2010 नंतर अहिंसक चळवळींच्या यशाचे प्रमाण चांगलेच घसरले, हेही चेनोवेथ यांनीच नोंदवले आहे. सत्ता शिकल्या. आणि त्या अभ्यासात मोजल्या आहेत त्या देशाची राजवट बदलू पाहणाऱ्या चळवळी. तुमच्या ग्रामसभा राजवटीला हात लावत नाहीत. शंभर घरांनी आपल्या जंगलात स्वराज्य अनुभवायचे आणि त्याच वेळी राज्यात, देशात अधिकार एका मुठीत गोळा होत जायचे, हे दोन्ही सुखाने एकत्र नांदू शकते. कदाचित सत्तेला तेच सोयीचे असेल.

आग्रही : पहिल्या फटीबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. कोरचीत बायकांनी महाग्रामसभेत आपल्यासाठी जागा मागितली आणि घेतली, ती मागावी लागली हेच तुमच्या म्हणण्याचे प्रमाण आहे. ग्रामसभा आपोआप पवित्र होत नाही. पण तिथली दंडेली समोर दिसते, तिला नावाने हाक मारता येते, पुढच्या बैठकीत तिचा हिशेब मागता येतो. दुसऱ्या फटीवर मी एवढेच म्हणेन की गावातला अभ्यास देशातल्या लढ्याची जागा घेत नाही, पण त्यासाठी लागणारी माणसे घडवतो. जो माणूस आपल्या गावच्या नोंदवहीत कोण काय म्हणाले ते लिहायला शिकला, तो मतदारयादीतले आपले नावही तपासतो आणि सुनावणीच्या कागदावर अंगठा लावण्याआधी तो वाचूनही घेतो. आणि काळही बदलला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मल्लोजुला वेणुगोपाल राव या माओवादी नेत्याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चार दशके ग्रामसभेच्या प्रत्येक नकारावर 'यामागे माओवादी आहेत' असा शिक्का मारता येत होता. डिसेंबर 2016 मध्ये सूरजागडला ऐंशीच्या आसपास वाहने जाळली गेली, तेव्हा खाणीला शांतपणे विरोध करणाऱ्या गावांचाच त्यात सर्वांत मोठा तोटा झाला. आता तो शिक्का मारायला आधार उरणार नाही.

साशंक : आधार संपला म्हणून शिक्का संपतो, हे तुम्ही कशावरून धरून चालता? बंदूक गेल्यावर दोन गोष्टी घडू शकतात. एटापल्लीतल्या ग्रामसभेचा नकार पहिल्यांदाच फक्त नकार म्हणून ऐकला जाईल, किंवा वाट मोकळी झाली म्हणून खनिजाचे ट्रक दुप्पट वेगाने धावतील. मेंढ्याच्या होकाराला मान देणारे राज्य सूरजागड परिसराच्या नकारालाही मान देते का, ही माझी कसोटी आहे. येत्या काही वर्षांत ते दिसले नाही, तर मेंढा हे स्वराज्याचे उदाहरण उरणार नाही, सवलतीचे उरेल, आणि तुम्हालाही तसे म्हणावे लागेल.

आग्रही : म्हणेन. कसोटी मला मान्य आहे, एक दुरुस्ती करून. तुम्ही ती राज्याची कसोटी म्हणून मांडली आहे. राज्य काय करील याचा अंदाज बांधत आपण दोघे बसलो, तर निकाल लागेपर्यंत आपले काम फक्त बघण्याचे राहते. नकाराला मान मिळतो की नाही, हे तो किती गावांनी दिला, किती नीट नोंदवला आणि तो मोडताना किती लोक जागेवर हजर होते, यावरही ठरते. त्यातला तिसरा भाग त्या जंगलातल्या लोकांच्या हाती नाही. तो बाहेरच्यांच्या हाती आहे, म्हणजे तुमच्याही.

साशंक : तुम्ही माझी निराशा खोडलेली नाही. 'काही होईल का' असे मी विचारत होतो. आता विचारावे लागते की न झाल्याचा दोष कोणाकोणाच्या खाती किती मांडायचा. हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण पहिल्यात माझे नाव कुठे येत नव्हते. पण जोखीम वाटून घेण्याची भाषा करणारे बाहेरचे लोक खटल्याच्या दहाव्या वर्षीही तारखेला हजर असतात, हे तुम्ही मला अजून दाखवलेले नाही.